डिजिटल ज्ञानभांडारांचे परस्परसहकार्य : वैद्य व औषधनिर्माते यांच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना

आयुर्वेदाचे ज्ञान आजवर तीन वाटांनी आपल्यापर्यंत आले : गुरुमुखातून, हस्तलिखित पोथ्यांतून आणि मुद्रित ग्रंथांतून. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांत चौथ्या वाटेची भर पडली, ती म्हणजे संगणकावरील ज्ञानभांडारांची. संहिता, निघंटू, रसग्रंथ, शोधनिबंध आणि पोथ्यांची छायाचित्रे आज अनेक संस्थांच्या संगणकांवर साठविलेली आहेत. मात्र संग्रह होणे निराळे आणि त्याचा उपयोग होणे निराळे. प्रत्येक संस्थेने आपापले भांडार आपापल्या पद्धतीने मांडले व त्याची किल्ली स्वतःजवळच ठेवली, तर पूर्वीच्या बंदिस्त पेटाऱ्यांच्या जागी नवे पेटारे आले इतकेच म्हणावे लागेल.

ही भांडारे एकमेकांशी जोडली गेल्याने काय साधले, न जोडल्याने काय बिघडते आणि या कामी चिकित्सक व औषधनिर्माते यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वरवर ग्रंथपालांचा वाटतो. पण आपल्या योगांवरचा हक्क, आपल्या द्रव्यांची ओळख आणि आपल्या घरातील बाडांचे भवितव्य या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत.

१) हळद आणि कडुनिंब : दोन खटल्यांचा बोध

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबद्दल पेटंट देण्यात आले. आपल्याकडे घराघरांत ठाऊक असलेली ही गोष्ट तेथे 'नवीन शोध' ठरली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली या पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली. त्यासाठी संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथांतील आणि आधुनिक नियतकालिकांतील मिळून ३२ संदर्भ सादर करण्यात आले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

कडुनिंबाची कथा याहून लांबली. निंबतेलाच्या बुरशीनाशक उपयोगासंबंधी एक अमेरिकन कंपनी व अमेरिकेचे कृषी खाते यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये पेटंट दिले. १९९५ मध्ये त्यास हरकत घेण्यात आली, २००० मध्ये ते रद्द झाले, आणि त्यावरील अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. म्हणजे हरकतीपासून अंतिम निकालापर्यंत सुमारे दहा वर्षे गेली.

या दोन्ही प्रकरणांत परदेशी परीक्षकांनी लबाडी केली असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. अर्ज आल्यावर पूर्वज्ञान शोधणे हे परीक्षकाचे काम असते, आणि ते तो आपल्या भाषेतील व आपल्या संगणकावरील संग्रहात शोधतो. आपले पूर्वज्ञान संस्कृत श्लोकांत, देवनागरी लिपीत आणि ग्रंथालयांच्या कपाटांत होते. ते अस्तित्वात होते, परंतु त्याच्या नजरेस पडण्याजोगे नव्हते. आयुर्वेद जगाला दिसत नव्हता, हे या दोन खटल्यांनी आपल्या लक्षात आणून दिले.

२) टीकेडीएल : सहकार्यातून उभे राहिलेले भांडार

या अनुभवातून २००१ साली 'पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय' म्हणजे टीकेडीएल या प्रकल्पास प्रारंभ झाला. सीएसआयआर आणि भारतीय चिकित्सा पद्धतींचा केंद्रीय विभाग (पुढे २००३ पासून 'आयुष') यांनी तो संयुक्तपणे हाती घेतला. वैद्य, संगणकतज्ज्ञ, पेटंट परीक्षक आणि शास्त्रज्ञ एकाच टेबलाभोवती बसले, हे या प्रकल्पाचे पहिले वैशिष्ट्य होय. श्लोकाचा अर्थ वैद्याने लावायचा, द्रव्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव निश्चित करायचे, व्याधीचे आधुनिक पर्यायी नाव द्यायचे आणि नंतर ती नोंद संगणकास समजेल अशा सांकेतिक रूपात बसवायची, असा हा क्रम होता. पहिल्या टप्प्यात आयुर्वेदाच्या १४ ग्रंथांतील सुमारे ३६ हजार योग घेण्यात आले. पुढे युनानी, सिद्ध व योग यांची भर पडत एकूण नोंदी चार लाखांच्या वर गेल्या. प्रत्येक नोंद इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत वाचता येते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. शब्दशः भाषांतर करून हे काम साधले नसते. त्यासाठी पारंपरिक ज्ञानाचे एक स्वतंत्र वर्गीकरण तयार करण्यात आले व त्यात सुमारे २५ हजार उपगट पाडले गेले. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात पूर्वी औषधी वनस्पतींसाठी जवळजवळ एकच उपगट होता. २००६ पासून लागू झालेल्या आवृत्तीत त्यांसाठी स्वतंत्र मुख्य गट व दोनशेहून अधिक उपगट आले. भारताने या कामी घेतलेला पुढाकार केवळ आपल्याच नव्हे, तर सर्व देशांच्या पारंपरिक वैद्यकास उपयोगी पडला.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पेटंट कार्यालयांशी केलेले करार. फेब्रुवारी २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाशी पहिला करार झाला. ऑगस्ट २०२२ पर्यंत भारतीय कार्यालय धरून १४ पेटंट कार्यालयांना हे भांडार खुले झाले होते. परीक्षकाने ते केवळ शोध व परीक्षण यांसाठी वापरावे आणि त्रयस्थास उघड करू नये, अशी या करारांत अट आहे. अर्जदारास संदर्भ दाखविण्यापुरता त्यातील उतारा देता येतो.

याचा परिणाम काय झाला ? हळदीच्या पेटंटास दोन वर्षे व निंबाच्या पेटंटास दहा वर्षे झुंजावे लागले होते. २०१० मध्ये एका चिनी कंपनीने बर्ड फ्लूवरील उपचारासाठी पुदिना व कालमेघ यांच्या वापराबद्दल केलेला अर्ज मंजुरीपर्यंत आला होता. टीकेडीएलमधील ग्रंथोक्त पुरावा सादर होताच काही महिन्यांत तो मंजुरीचा निर्णय मागे घेण्यात आला. वकील, साक्षी व प्रचंड खर्च यांची जागा एका सुव्यवस्थित नोंदीने घेतली. दोन संस्थांची भांडारे एकमेकांना वाचता येऊ लागली, की इतका फरक पडतो.

३) नामरूपज्ञान : सहकार्याची खरी कसोटी

निघंटुकारांनी द्रव्याचे नाम व रूप या दोहोंच्या ज्ञानावर भर दिला आहे. डिजिटल भांडारांची सर्वांत मोठी अडचण नेमकी याच ठिकाणी आहे. एका नावाने अनेक द्रव्ये आणि एका द्रव्यास अनेक नावे, ही आपल्या शास्त्रातील नित्याची स्थिती आहे. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ब्राह्मी म्हणून जी वनस्पती दिली जाते ती वास्तविक मंडूकपर्णी (सेंटेला एशियाटिका) असते, तर अन्यत्र ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी. उत्तरेत शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस घेतात, केरळात गोकर्णी (क्लिटोरिया टर्नेटिया). रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत अल्पिनिया गॅलंगा आणि बंगालात व्हॅन्डाची जात वापरली जाते.

आता अशी कल्पना करा की, एका संस्थेने आपल्या निबंधांची सूची लॅटिन नावांनी केली, दुसरीने संस्कृत नावांनी आणि तिसरीने प्रादेशिक नावांनी. त्यातही चरक हे नाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिले जाते. 'रास्ना' शोधणाऱ्या वैद्यास तीन ठिकाणी तीन भिन्न उत्तरे मिळतील, किंवा काहीच मिळणार नाही. औषधनिर्मात्याच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय नाही. एका भांडारातील प्रयोगाचा निष्कर्ष वाचून दुसऱ्याच वनस्पतीचा कच्चा माल खरेदी झाला, तर औषध निष्फळ होईल आणि दोष मात्र शास्त्राच्या माथी येईल.

ग्रंथालयशास्त्राने यावर काही उपाय योजले आहेत. १९९५ मध्ये 'डब्लिन कोअर' या नावाने नोंदीचा एक सामान्य आराखडा निघाला. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी एकूण १५ रकाने त्यात आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेतील सांता फे येथे भरलेल्या बैठकीतून 'ओपन अर्काइव्हज' हा उपक्रम उभा राहिला आणि २००२ मध्ये त्याच्या नियमावलीची दुसरी आवृत्ती आली. तिचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक संस्थेने आपला माल आपल्याच कोठारात ठेवावा. केवळ मालाची यादी ठरलेल्या नमुन्यात मागणाऱ्यास द्यावी. मग एखादी मध्यवर्ती संस्था सर्वांच्या याद्या गोळा करून एकत्र सूची करते आणि वाचकास एकाच ठिकाणी शोध घेता येतो. मालकी मूळ संस्थेकडेच राहते.

आयुर्वेदासाठी मात्र हे पंधरा रकाने पुरेसे नाहीत. द्रव्याचे संस्कृत नाव, प्रादेशिक नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव, ग्राह्य अंग, कल्पना, अधिकरण व ग्रंथसंदर्भ हे रकाने त्यांस जोडले पाहिजेत. ते कोणते असावेत हे संगणकतज्ज्ञ सांगू शकणार नाही. ते द्रव्यगुण व भैषज्यकल्पना जाणणाऱ्या वैद्यानेच सांगितले पाहिजे.

४) विखुरलेल्या पोथ्या, विखुरलेले पाठ

हस्तलिखितांच्या बाबतीत सहकार्याची निकड अधिक तीव्र आहे. भेलसंहिता आपणांस मुख्यतः तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका त्रुटित पोथीवरून ठाऊक आहे. भोसले राजांनी, विशेषतः सरफोजीराजांनी, हे ग्रंथालय वाढविले. याच संहितेतील मजकुराशी जुळणारे एक पान मध्य आशियातील वाळवंटात सापडले आणि जर्मन पंडितांनी ते ओळखले. तंजावरची पोथी व मध्य आशियातील पान शेजारी शेजारी ठेवून पाहणे एकेकाळी कोणाही वैद्यास शक्य नव्हते. काश्यपसंहिताही नेपाळातील एका खंडित ताडपत्र पोथीवरूनच १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रकाशात आली.

सुश्रुतसंहितेचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयात इ. स. ८७८ मध्ये लिहिलेली सुश्रुताची ताडपत्र पोथी आहे. १९७० पासून तीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या नेपाळ-जर्मन हस्तलिखित संरक्षण प्रकल्पात सुमारे १ लाख ८० हजार हस्तलिखितांच्या सूक्ष्मफिती तयार झाल्या. त्यांचा एक संच काठमांडूस व दुसरा बर्लिनला ठेवण्यात आला. या दूरदृष्टीमुळे नेपाळी परंपरेचे पाठ जगभरच्या अभ्यासकांस उपलब्ध झाले. २०१३ मध्ये ही पोथी युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत दाखल झाली. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात तिच्यावर पाठचिकित्सेचे काम सुरू झाले. अध्यायारंभी भगवान धन्वंतरींचा निर्देश करणारे जे वाक्य आपल्या मुद्रित प्रतींत आढळते, ते या जुन्या नेपाळी परंपरेत नाही, असे त्या अभ्यासातून पुढे आले. या निरीक्षणाचा अर्थ काय लावावा यावर मतभेद होऊ शकतील, आणि ते व्हावेतही. तथापि यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी १९३८ च्या आवृत्तीत नेपाळी प्रतीच्या पाठांचा उपयोग करून जे कार्य आरंभिले, त्याचा पुढचा टप्पा गाठण्यास सामायिक डिजिटल प्रतींचे साहाय्य झाले, यात शंका नाही.

आपल्या देशातही या दिशेने पावले पडली आहेत. राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम २००३ मध्ये सुरू झाली. हैदराबाद येथील केंद्रीय आयुर्वेदीय संशोधन परिषदेच्या वैद्यकीय वारसा संस्थेने संहिता व निघंटू संगणकावर उपलब्ध करून दिले. जुलै २०२१ मध्ये आयुष हस्तलिखितांचे 'अमर', ऐतिहासिक पुराव्यांचे 'साही' आणि जुन्या ग्रंथांच्या सूचीचे 'ई-मेधा' ही संकेतस्थळे सुरू झाली. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' या मोहिमेची घोषणा झाली असून, संस्था, ग्रंथालये व खाजगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन हे तिचे उद्दिष्ट आहे. 'खाजगी संग्राहक' या शब्दांकडे आपण विशेष लक्ष द्यावे. जुन्या वैद्यघराण्यांचे वाडे त्यांतच मोडतात.

५) प्रत एकच असेल तर धोका

जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेल्या हल्ल्यात ग्रंथांची व हस्तलिखितांची हानी झाली. वाळवी, ओल, पूर, आग आणि माणूस हे पोथीचे पाच शत्रू आहेत. डिजिटल प्रतीचे शत्रू वेगळे आहेत, पण कमी नाहीत. सीडी कालांतराने वाचता येत नाही, जुनी संगणक-प्रणाली लुप्त होते, प्रकल्पाचा निधी संपतो आणि संकेतस्थळ बंद पडते.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रकल्प याचे ठळक उदाहरण होय. अनेक केंद्रांवर लक्षावधी पुस्तके स्कॅन झाली. त्यांत आयुर्वेदाचे दुर्मीळ ग्रंथही होते. पण केंद्रांत ताळमेळ कमी असल्याने एकच पुस्तक अनेकदा स्कॅन झाले, शीर्षके चुकीची नोंदली गेली, पाने गळाली. पुढे २०१७ च्या सुमारास मूळ संकेतस्थळ बंद झाले. सुदैवाने त्यांतील पुष्कळशा ग्रंथांच्या प्रती तत्पूर्वीच 'इंटरनेट अर्काइव्ह' या परदेशी संग्रहात गेल्या होत्या. म्हणून ते ग्रंथ आज आपणांस वाचता येतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'लॉक्स' या योजनेचे सूत्रही हेच आहे : प्रती अनेक ठिकाणी ठेवाव्यात, त्या परस्परांशी ताडून पाहाव्यात आणि एक बिघडली तर दुसरीवरून दुरुस्त करावी. आपल्या पूर्वजांनी पोथ्यांच्या नकला गावोगावी देऊन हेच साधले होते.

६) सहकार्याच्या मर्यादा व रास्त शंका

भांडारे जोडावीत हे खरे, परंतु सर्व काही सर्वांना खुले करावे असा त्याचा अर्थ नाही. टीकेडीएल दीर्घकाळ केवळ पेटंट कार्यालयांपुरते मर्यादित होते. ज्या वैद्यांच्या शास्त्रावर ते उभे राहिले त्यांनाच ते पाहता येत नाही, ही तक्रार योग्य होती. दुसऱ्या बाजूने, ते मुक्त केल्यास परदेशी कंपन्यांना तयार यादीच हाती मिळेल, ही भीतीही अगदीच निराधार नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पेटंट कार्यालयांखेरीज अन्य उपयोगकर्त्यांनाही टप्प्याटप्प्याने, सशुल्क प्रवेश देण्यास मान्यता दिली. मे २०२४ मध्ये जिनीव्हा येथे स्वीकारलेल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारातही, योग्य संरक्षणासह अशा माहितीसंग्रहांची तरतूद आहे.

आणखी एक मर्यादा महत्त्वाची आहे. टीकेडीएलमध्ये आहे ते ग्रंथोक्त ज्ञान. आपल्या आजोबांच्या वहीतील अनुभूत योग त्यात नाही. तो प्रसिद्ध केला, तर कोणासही त्यावर पेटंट मिळविणे कठीण होईल, पण आपणांसही त्यावर एकाधिकार सांगता येणार नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (पी) नुसार पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. तो प्रसिद्ध केला नाही आणि वही वाळवीने खाल्ली, तर तो कोणाचाच राहणार नाही. या दोहोंतून निवड प्रत्येकाने विचारपूर्वक करावयाची आहे. न ठरविता कालक्षेप करणे ही मात्र नकळत केलेली दुसरी निवडच होय.

७) आपले कर्तव्य

अ) औषधनिर्मात्यांनी प्रत्येक शास्त्रोक्त कल्पाचा ग्रंथ, आवृत्ती व अधिकरण यांसह संदर्भ नोंदवून ठेवावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथाधारित कल्पासाठी तो परवान्याच्या वेळीही लागतोच.

आ) 'पेटंट अँड प्रोप्रायटरी' या वर्गातील परवाना म्हणजे पेटंट नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आपला योग त्या वर्गात असला तरी त्यावर अन्य कोणी पेटंटचा दावा करू शकतो. तेव्हा निर्मितीच्या दिनांकित नोंदी, लेबले व जाहिराती जपून ठेवाव्यात. पुराव्यास त्याच उपयोगी पडतात.

इ) कच्च्या मालाच्या नोंदवहीत व्यापारी नावाबरोबर वनस्पतिशास्त्रीय नाव व ग्राह्य अंग लिहावे. निबंध लिहिताना तर हे अनिवार्य समजावे.

ई) घरातील हस्तलिखित बाडांची सूची प्रथम करावी : नाव, पानांची संख्या, लिपी, शेवटच्या पानावरील शक. स्कॅन नंतर करता येते. सूची नसेल तर स्कॅन केलेले सापडत नाही.

उ) संस्थेस पोथी वा प्रत देताना मालकी कोणाची, प्रकाशन कोणाच्या संमतीने आणि दुसरी प्रत कोठे राहील, हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत.

ऊ) डिजिटल प्रत किमान तीन ठिकाणी ठेवावी. त्यांतील एक निराळ्या गावी असावी, आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी.

ए) महाविद्यालये व संघटनेच्या शाखांनी आपल्या ग्रंथालयांच्या याद्या एकाच नमुन्यात कराव्यात. अशी यादी केवळ वहीत असली तरी हरकत नाही. नमुना एक असला, तर त्या पुढे जोडता येतील.

उपसंहार

हळदीचा खटला आपण जिंकलो, कारण ३२ संदर्भ वेळेत हाती आले. ते संदर्भ कोणीतरी लिहून ठेवले होते, कोणीतरी छापले होते आणि कोणत्या तरी ग्रंथालयाने जपले होते. तेव्हा ते शोधण्यासाठी मोठा खटाटोप करावा लागला. पुढील प्रसंगी तो करावा लागू नये, एवढ्यासाठी भांडारांचे सहकार्य हवे. संस्था आपापल्या परीने हे करीत आहेत. परंतु 'ही रास्ना कोणती' हे ठरविणारा वैद्य आणि 'हा कल्प आम्ही अमुक वर्षापासून करतो' हे सिद्ध करणारा औषधनिर्माता यांच्यावाचून त्या भांडारांतील नोंद अपूर्ण राहते. येत्या धन्वंतरी जयंतीस पूजा झाल्यावर प्रत्येकाने घरातील पेटी उघडून आपल्या पोथ्यांची यादी करावयास बसावे, ही नम्र विनंती.